परड्या बाहेर, ग्वान ड्यूटीवर

हुलीगोऊच्या खाण-वसाहतीत बारावा महिना लागला की बायकांच्या तोंडी सकाळी उठल्याउठल्या एकच प्रश्न असे : आज इंजिनावर कोण? नवऱ्याचा चहा, पोरांचे मोजे, सगळं मागाहून. आधी इंजिनावर कोण ते कळलं पाहिजे.

त्याला कारण होतं. खाणीची रेल्वे वसाहतीच्या परसांना खेटून जाई, आणि नऊ किलोमीटरच्या चढातला सगळ्यात वाईट टप्पा नेमका तिथेच होता. कोळशाच्या वाघिणी ओढत इंजिन तिथवर आलं की कण्हायला लागे. मग घाबरलेला ड्रायव्हर फायरमनवर ओरडे, फायरमन भट्टीत ढीगभर कोळसा लोटे, आणि धुराड्यातून असा धूर उसळे की शेजारणीला शेजारीण दिसू नये. बारावा महिना म्हणजे नव्या वर्षाची तयारी. उणे तीस अंशांत परस हाच फ्रीज. घरोघर कोबी-मांसाचं सारण भरलेले, करंजीसारखे मुडपलेले जियाओझी शेकड्यांनी होत. ज्वारीच्या धांड्यांच्या गोल परड्यांवर ते ओळीने मांडायचे आणि परड्या भिंतीवर, पिंपावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर जिथे जागा मिळेल तिथे गोठायला ठेवायच्या. तासाभरात त्यांचे दगड होत. मग पोत्यात भरून ठेवायचे आणि पंधरवडाभर खायचे. त्यांच्यावर एकदा काजळी बसली की सगळ्या घराची मेहनत कोंबड्यांना.

म्हणून इंजिनावर ड्रायव्हर पेई असेल तर परड्या आत. दुसरा कुणी असेल तरी आतच. ग्वान असेल तर बाहेर. कोण आहे हे सांगायला माणूस लागत नसे. फाटकापाशी ग्वान एक लांब शिट्टी द्यायचा, शेवटी जराशी वर उचललेली, 'आलो बरं काऽ' म्हटल्यासारखी. ती ऐकली की सत्तेचाळीस घरांची मागची दारं उघडत.

ग्वान देशान तेव्हा चौपन्न वर्षांचा होता. बुटका, रुंद, गुडघ्यांत थोडा वाकलेला. कानटोपीची एक पट्टी कायम खाली आणि एक वर, कारण खिडकीतलं वारं एकाच कानाला लागे. बत्तीस वर्षं तो याच चढावर होता, त्यातली अठरा १४३७ नंबरच्या इंजिनावर. स्वतःच्या कामाबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती, आणि ते तो लपवतही नसे.

"काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा," तो म्हणे, "आणि न जळलेला कोळसा म्हणजे झोपलेला फायरमन. पेईच्या इंजिनावर दोघंही झोपतात. इंजिन बिचारं सवयीने चढतं."

पेई समोर बसलेला असला तरी म्हणे. पेईही काही कमी नव्हता. "तू आभाळ धूत बस," तो म्हणे, "मी वेळेवर घरी जातो." आणि ज्वारीच्या दारूचा पेला ग्वानपुढे सरकवे.

ग्वान हे आईच्या पोटातून शिकून आला नव्हता. बाविसाव्या वर्षी तो फायरमन म्हणून लागला तेव्हा लू उस्तादांच्या हाताखाली होता. उस्ताद सुट्टीच्या दिवशी मुद्दाम मक्याच्या पेजेचा वाडगा घेऊन रुळाशेजारच्या बांधावर उकिडवे बसत. इंजिन वर जाई, उस्ताद सावकाश पेज पीत. इंजिन परत आलं की हात करून थांबवत आणि उरलेला वाडगा वर देत. "बघ रे, काय पडलंय यात." काळे ठिपके दिसले तर ती पेज ग्वानने प्यायची. पहिल्या हिवाळ्यात त्याला पेजेचा असा वीट आला की पुढे आजारपणातसुद्धा त्याने ती तोंडात घेतली नाही. पण 'पातळ टाक, वारंवार टाक, दार लाव' हे तीन वाक्यांचं शास्त्र मात्र अंगात मुरलं. एक फावडं भट्टीच्या डाव्या कोपऱ्यात, दार बंद. धुराड्याकडे नजर. एक उजव्या कोपऱ्यात, दार बंद. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी उस्तादांनी बांधावरून रिकामा वाडगा उलटा करून दाखवला. पेज सगळी त्यांनीच संपवली होती. ग्वान त्या दिवशी इंजिनावर एकटाच गात होता असं लोक सांगतात.

लग्नही त्याचं काजळीनेच जमवलं. त्याच पहिल्या हिवाळ्यात त्याने फाटकाजवळच्या लुआन कुटुंबाचा टोफू काळा केला. त्यांची मुलगी, युफेन, सिग्नलला थांबलेल्या इंजिनाच्या पायऱ्या चढून वर आली आणि काळी लादी त्याच्या बसायच्या जागेवर ठेवून म्हणाली, "तुझी आहे. घेऊन जा." तो घेऊन गेला. खाल्लीही. दोन वर्षांनी ती त्याच्या घरात आली. मात्र टोफूच्या त्या दिवसापासून तिने त्याच्या कामाबद्दल कधी एक चांगला शब्द काढला नव्हता. अख्खी वसाहत ग्वानचं कौतुक करे, आणि ग्वान घरी आला की बायको म्हणे, "बूट बाहेर काढ."

तो मुद्दाम विषय काढे. "आज अठरा वाघिणी होत्या. समोरून वारं. धूर म्हणशील तर टाचणीएवढा नाही."

"मग हात रिकामे असतील तुझे," युफेन म्हणे. "लसूण सोलून दे."

ग्वानला हे लागायचं. तो बोलून दाखवत नसे, पण लसूण जरा जोरात सोलायचा.

मग तो शेवटचा हिवाळा आला. कंदिलांचा सण झाला की डिझेल इंजिनं येणार आणि वाफेची भंगारात जाणार हे पक्कं झालं होतं. त्याच सुमारास खाणीच्या वाहतूक विभागाचे प्रमुख गेंग यांनी बातमी आणली. परदेशी लोक येणार, वाफेच्या इंजिनांची फिल्म काढणार. एक अख्खी सकाळ त्यांच्यासाठी गाडी चालवायची. इंजिन १४३७, ड्रायव्हर ग्वान.

ग्वान वरवर म्हणाला, "येऊ देत की." पण दुसऱ्या दिवशी तो केस कापून आला. चाकांच्या कडा त्याने पांढऱ्या रंगवल्या, पितळेचा प्रत्येक नळ राखेने घासला. त्याचा फायरमन जिन बाओलू पंचेचाळिशीचा, तोंडाचा फाटका. तो म्हणाला, "उस्ताद, नवरदेव इंजिन आहे की तुम्ही?" ग्वान चिडला नाही. बत्तीस वर्षांत त्याचा एकच फोटो निघाला होता, ओळखपत्रावरचा, आणि त्यात त्याचे डोळे मिटलेले होते. शिवाय एक गोष्ट त्याच्या मनात फार दिवस होती. ज्या चढाची सगळे तारीफ करत, तो आपला चढ त्याने स्वतः बाहेरून कधीच पाहिला नव्हता. पाहणार कसा? तो आत असे. आता महिन्याभराने पाहण्यासारखं काही उरणार नव्हतं. ही फिल्म निघाली तरच.

बाराव्या महिन्याच्या चोविसाव्या तिथीला ते आले. सातजण, उंच, मोठ्या नाकांचे, दाढ्यांना बर्फ लागलेलं. वसाहतीने त्यांना लगेच 'नाकवाले' करून टाकलं. त्यांचा म्होरक्या सत्तरीचा हॉलंडचा म्हातारा होता, नाव वाउटर. बरोबर हार्बिनहून आलेली थान नावाची दुभाषी मुलगी. फाटकापलीकडच्या टेकाडावर त्यांनी तिकाटण्यांवर कॅमेरे लावले. दृश्य दणदणीत व्हावं म्हणून गेंगनी अठराच्या बावीस वाघिणी जोडल्या होत्या. ग्वानने फाटकाशी आपली शिट्टी दिली, दारं उघडली, परड्या बाहेर आल्या, आणि १४३७ पहिल्यांदा वर गेलं. धुराड्यातून निव्वळ पांढरी वाफ, दोन मजली घराच्या चौपट उंच. ग्वानने जिनकडे बघून मान हलवली. झकास झालं होतं.

ते माथ्यावर थांबले, गाडी पुन्हा मागे घेत खाली आले, तर वसाहतीच्या वरच्या टोकाशी गेंग हात हलवत उभे.

"ग्वान! हे काय चाललंय?"

"चढ चढतोय, साहेब."

"धूर कुठाय? पाहुणे विचारतायत, इंजिन आजारी आहे का म्हणून!"

"आजारी असतं तर धूर आला असता," जिन आतून म्हणाला.

थान धापा टाकत आली. तिच्या पापण्यांवर बर्फ होतं. "ग्वानकाका, त्यांना काळा धूर हवाय. दाट. त्यांच्याकडे तोच आवडतो. धुराशिवाय इंजिन जिवंत वाटत नाही म्हणतात."

"यांना घरी कुणी काही शिकवलं नाही का?"

"हे मी त्यांना सांगणार नाही हं, काका."

ग्वान खिडकीतून बाहेर वाकला आणि परसांकडे बोट दाखवलं. भिंतींवर, पिंपांवर, खुराड्यांवर परड्याच परड्या. "मी शिट्टी दिली, साहेब. शिट्टी ऐकून मांडल्यात त्यांनी."

"मग आत घ्यायला सांगतो!"

"अर्धे गोठलेत. आता उबेत नेले तर सगळ्यांचा मिळून एक गोळा होईल. सत्तेचाळीस घरांचा."

गेंग वाईट माणूस नव्हते, पण पाहुण्यांसमोर त्यांचा जीव अर्धा झाला होता. ते पायरीवर चढले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ. पेई यार्डात बसलाय. त्याला पाच मिनिटांत आणतो. धूर तो देईल. मग फिल्ममध्ये तो दिसेल, तू नाही. कळतंय का? ही एकच सकाळ आहे, ग्वान. पुन्हा हे लोक यायचे नाहीत आणि आले तरी इंजिन नसेल."

घासलेल्या पितळेत ग्वानला आपलं केस कापलेलं डोकं दिसत होतं. एकच सकाळ आहे हे गेंगनी सांगायला नको होतं, ते त्याला त्यांच्याआधी माहीत होतं. त्याला वाईट वाटलं. पण उत्तर शोधायला त्याला वेळ लागला नाही, कारण ते शोधायचं नव्हतंच.

"आणा पेईला," तो म्हणाला. "मी उतरतो. फक्त शिट्टी त्याची त्याने द्यायची, माझी नाही. त्याची ऐकली की सत्तेचाळीस बायका फाटकावर येतील. त्यांना तुम्ही सांभाळा. माझी बायको पुढे असेल."

गेंगनी मागे वळून वसाहतीकडे पाहिलं.

"आणि साहेब," ग्वान म्हणाला, "तुमच्या घरच्याही चार परड्या बाहेर आहेत. वर जाताना बघितल्या."

गेंग पायरीवरून उतरले. पण यार्डाकडे गेले नाहीत.

ग्वानने थानला हाक मारली. "पोरी, त्या म्हाताऱ्या नाकवाल्याला म्हणावं, वर ये. खाली उभं राहून काय कळणार त्याला?"

वाउटर चढला, मागोमाग थान चढली, आणि चौघं दाटीवाटीने उभे राहिले. ग्वानने गाडी हळूहळू मागे घेत वसाहतीच्या कडेने नेली आणि स्वतःच्या परसासमोर थांबवली. इंजिनाच्या उंचीवरून सगळं दिसत होतं : परड्यांच्या रांगा, त्यांवर मुडपलेल्या कडांचे पांढरे जियाओझी, आणि हात बाह्यांत खुपसून उभ्या बायका, या नाकवाल्याला आता काय हवंय म्हणून बघत. ग्वानने त्याला उस्तादांच्या पेजेची गोष्ट सांगितली. थानने तिचं भाषांतर करता करता स्वतःच हसायला सुरुवात केली. वाउटर हसला नाही. त्याने परड्यांकडे पाहिलं, मग धुराड्याकडे, मग ग्वानच्या हाताकडे. शेवटी तो काहीतरी बोलला.

"ते म्हणतात," थान म्हणाली, "चाळीस वर्षं ते इंजिनांच्या फिल्म काढतायत आणि चाळीस वर्षं लोकांकडे धूर मागतायत. ते विचारतायत, तुम्ही त्यांच्या जागी असता तर कुठे उभे राहिला असता?"

आयुष्यात कुणी ग्वानला हा प्रश्न विचारला नव्हता, पण उत्तर तयार होतं. चढताना वाफेची सावली कुणाच्या भिंतीवर किती वाजता पडते हे त्याला पाठ होतं. "टेकाडावरून उतरा म्हणावं. आमच्या खुराड्यामागे उभे राहा, परड्यांच्या अलीकडे. साडेनऊला ऊन रुळांच्या पलीकडून येतं. वाफेतून आरपार येईल."

नाकवाल्यांमधल्या दोघातिघांनी शेवटपर्यंत कुरकुर केली. ते टेकाडावरच राहिले. वाउटर मात्र कॅमेरा खांद्यावर टाकून ग्वानच्या परसात गेला. ग्वानने गाडी मागे घेत फाटकाच्या बरीच खाली नेली.

आता गंमत अशी होती की बावीस वाघिणी, स्वच्छ भट्टी आणि उणे एकतीस अंश हे तिन्ही एकत्र जमवणं सोपं काम नव्हतं. अठराला जमे. पहिल्या खेपेला बावीस जमल्या त्या यार्डातून भरून आणलेल्या दाबावर. मधल्या थांबण्यात इंजिन थंडावलं होतं आणि दाबाचा काटा खाली सरकत होता. चढात मध्येच गाडी थांबली असती तर पेईला चहाबरोबर सांगायला वर्षभराची गोष्ट मिळाली असती.

"उस्ताद, काटा पडतोय," जिन म्हणाला. "दोन फावडी दणकून घालू का? एवढासाच धूर होईल."

"एवढासाच धूर पेजेत पडतो. इकडे आण ते."

ग्वानने वाफ सोडायचा दांडा जिनच्या हातात दिला, कोट काढला आणि फावडं घेतलं. चौपन्नाव्या वर्षी, सदऱ्यावर. डावा कोपरा, दार. उजवा कोपरा, दार. मागची भिंत, दार. मोरीपाशी चाकं घसरली, इंजिन जागच्या जागी थरथरलं. जिनने रुळांवर वाळू सोडली, दांडा जरा मागे घेतला, पुन्हा दिला. चाकांनी रूळ धरले. काटा पडायचा थांबला, मग केसभर वर आला. फाटक आलं तेव्हा ग्वानने एका हाताने शिट्टीची दोरी ओढली, दुसऱ्या हातातलं फावडं न ठेवता. आपलं परस कधी मागे गेलं ते त्याला कळलंही नाही. तो भट्टीत बघत होता.

माथ्यावर जिनने गाडी थांबवली. ग्वानच्या मिशीवर घामाचं बर्फ झालं होतं. "काळा होता?" त्याने विचारलं.

"टाचणीएवढा नाही," जिन म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता.

कंदिलांच्या सणानंतर डिझेल आलं. १४३७ कापायला गेलं आणि ग्वानला तेलाच्या कोठारात बसवलं. पुढच्या हिवाळ्यात, पुन्हा बारावा महिना लागलेला असताना, थानकडून पाकीट आलं. आत फिल्मची एक चकती. भर दुपारी ग्वानच्या घरी, खालून विस्तवाने तापवलेल्या बसायच्या ओट्यावर टीव्हीसमोर जिन, पेई आणि गेंग मांडी घालून बसले. युफेन दाराशी उभी राहिली, हात पिठाचे होते म्हणून.

वाउटरने टेकाडावरचं काहीच ठेवलं नव्हतं. पडदाभर परड्या होत्या, जवळून, त्यांच्या मागे रूळ. आधी आवाज आला. ग्वानने हातातल्या सूर्यफुलाच्या बिया खाली ठेवल्या. हा आवाज त्याने बत्तीस वर्षं आतून ऐकला होता, आणि बाहेरून तो वेगळाच होता, सावकाश, मोठा, कुठेही न घाबरणारा. मग शिट्टी. मग १४३७ आलं, आणि पलीकडचं ऊन वाफेत शिरलं आणि सगळं आभाळ सोनेरी-पांढरं झालं. परड्यांवर एक कण पडला नाही. ग्वानचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत.

"मेल्या," पेई हळूच म्हणाला, "खरंच धुतलंस की रे."

पण ग्वानचं लक्ष आता दुसरीकडे होतं. पडद्यावरच्या सगळ्या बायका कॅमेऱ्याकडे बघत होत्या, नाहीतर इंजिनाकडे. एकच बाई पाठमोरी होती. परडीवर वाकून जियाओझी मांडत होती, दोन ओळींमध्ये जागा करून अजून एक बसवत होती. तिच्यामागून आठ पावलांवरून बावीस वाघिणी गेल्या, तिचं डोकं वाफेत बुडालं आणि पुन्हा वर आलं. तिने मान वळवली नाही.

"वहिनी, बहिरी झाली होतीस काय?" पेई हसत सुटला.

ग्वान हसला नाही. बत्तीस वर्षांचं सगळं एकदम वर आलं. "समुद्र ओलांडून माणसं बघायला आली," तो म्हणाला, "आणि तू आठ पावलांवर होतीस, म्हातारे. एकदा तरी बघायचंस."

युफेनने पीठ लागलेले हात एकमेकांवर चोळले. "पेई चढावर असला की मी परडी हातात धरून धुराड्याकडे बघत उभी राहायची. विचार त्याला."

"राहायची," पेई म्हणाला. "शिव्याही द्यायची."

"तो असला की बघायची. बाकीच्यांना पण बघायची." ती ग्वानकडे वळली. "तू असलास की कशाला बघू?"

आणि ती आत गेली, पाणी उकळायला आलं होतं.

फिल्म पुढे चालली होती, माथ्यावरची वाफ आता लांबून दिसत होती.

"जिन," ग्वान म्हणाला, "मागे घे जरा."

"कुठपर्यंत, उस्ताद? इंजिन येतं तिथपर्यंत?"

"नाही. तिची पाठ दिसते तिथपासून लाव."